खदान चालवायची आहे ना भाऊ, मग आधी पेन घ्या

तुम्ही खदानीतला ठेका घेतला म्हणे, अभिनंदन! आता कोणी ना कोणी तुम्हाला घाबरवणारच, कायदा लय कडक आहे, इन्स्पेक्शन होते, मॅनेजर जेलात जातो वगैरे. मनावर घेऊ नका. या धंद्याला नागपूरसारखं गाव नाही, भारतीय खाण ब्युरो इथं, कोळशाची वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) इथं, मँगनीजवाली मॉयल इथं, खाण सुरक्षा महानिदेशालयाचं मुख्य ऑफिस धनबादला असलं तरी त्यांचंही ऑफिस इथं आहेच. अन् खदानी कुठं, तर उमरेड, सावनेर, कन्हानकडं. सिव्हिल लाइन्समधून तिकडची धूळ कोणालाच दिसत नाही, मग आपणच काऊन पाहायची?

तर पहिली खरेदी पेनाची. हेल्मेटं नंतर. एक निळं, एक काळं अन् एक जरा सुकत आलेलं, कारण महिन्याभराचं गॅसचं रजिस्टर एका रात्रीत एकाच शाईनं भरलं की इन्स्पेक्शनच्या साहेबांना लगेच कळते. खदानीतला पेट घेणारा मिथेन गॅस हवेत सव्वा टक्क्याच्या वर गेला की माणसं बाहेर काढावी लागतात, म्हणून तुमचा मिथेन जन्मभर ०.२ च्या आसपासच फिरला पाहिजे, पण रोज ०.२ नका लिहू हो, कधी ०.१, कधी ०.३, जिवंत वाटला पाहिजे तो. आणि कॅलेंडर बाजूला ठेवा. एका मुन्शीनं ३१ जूनचंही रीडिंग भरून ठेवलं होतं, गॅस एकदम नॉर्मल.

मग येते छत. जुने माइनिंग सरदार, म्हणजे शिफ्टची सुरक्षा पाहणारे, काठीनं छत ठोकतात, दुसऱ्या हाताचा पंजा दगडाला लावून. टणटण वाजलं तर पक्कं. ढब्ब वाजलं अन् पंजाखाली थरथर लागली तर वरचा थर सुटला, खाली कोणी उभं राहायचं नाही. असा एखादा सरदार तुमच्या शिफ्टला आला तर प्रॉडक्शन गेलंच म्हणून समजा, तो जागा बंद करणार, छत धरून ठेवणारे बोल्ट मागणार, बोल्ट येईपर्यंत हात बांधून बसणार. त्याला उचला आणि सुरक्षा सप्ताहाच्या कमिटीवर टाका, रांगोळी, पोस्टर, पाहुण्यांचे हार सगळं त्याच्याकडं. ठोकायला नवीन पोरगा द्या, ज्याला दोन्ही आवाज सारखेच ऐकू येतात.

सप्ताहात भाषण तुम्हालाच करावं लागेल. धनबादकडच्या चासनाला कोळसा खदानीचं नाव घ्या, २७ डिसेंबर १९७५, ३७५ माणसं, शेजारच्या जुन्या खोदकामात साचलेलं पाणी मधला अडसर फोडून आत घुसलं होतं. दोन मिनिटं मौन पाळा. मौन संपल्यावर आपल्या शेजारच्या बंद खदानीचा नकाशा मात्र मागत बसू नका, उगाच कोणालातरी शोधावा लागेल.

तब्येतीचं तर फारच सोपं आहे. दर काही वर्षांनी मेडिकल होते, छातीचा फोटो काढतात. फोटोत काही दिसलं तर टीबी म्हणायचं. टीबी झाला तर दोष त्याच्या घराचा, वस्तीचा, बिडीचा. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग, झाला तर दोष खदानीचा, वर कळवावं लागते, भरपाई निघते, नसती कटकट. मँगनीजच्या खदानीत तर तुम्हाला तोंडही उघडायची गरज नाही, धुळीनं मेंदूवर परिणाम होऊन माणूस अडखळत चालायला लागला, हात थरथरायला लागले की अख्खा मोहल्लाच म्हणते, पिऊन राहिला हा. त्याची बायकोही कधी कधी तेच म्हणते. (हे लिहिताना मला काही फार मजा नाही येऊन राहिली, पण सल्ला तो सल्ला.)

राहिली शिक्षेची भीती. १९५२ चा जुना खाण कायदा झोपताना वाचा, छान झोप लागेल. त्यात नियम मोडल्यामुळं माणूस मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं होतं. तो 'किंवा' नीट पाहून घ्या, तुमचा वकील त्याच्यातच राहते. डंपरचं एक टायर लाखांत जाते, म्हणून टायरला जपा. पुढं २०२० च्या कामगार सुरक्षेच्या कोडात, जो २०२५ मध्ये लागू झाला, असे १३ कायदे एकाच पोत्यात भरले आणि हा दंड कमीत कमी ५ लाख केला, पोटात गोळा आला ना ऐकून? येऊ देऊ नका. 'किंवा' तसाच ठेवलाय.

आणि शेवटी हेल्मेटं. पन्नास घ्या, पिवळी, पन्नी न काढता स्टोअरला ठेवा. साहेब येणार आहेत हे चहावाल्याला तुमच्या आधी कळते, त्याच्याशी संबंध चांगले ठेवा, त्यानं सांगितलं की वाटा, गाडी गेटबाहेर गेली की गोळा करा. बी फॉर्मात, म्हणजे कामगारांच्या रजिस्टरात, नाव नसलेल्या पोरांना त्या दिवशी सुटी. नाव रजिस्टरवर नाही म्हणजे तो खदानीत नव्हताच, आणि नसलेल्या माणसावर छत कसं पडेल? पडलंच तर गेटच्या बाहेर, रस्त्यावर सापडला म्हणायचं. गावाकडून त्याचा बाप येईल, त्याला ऑफिसात बसवा, पाणी द्या, पोराचे कपडे, मोबाइल, डबा सगळं नीट पिशवीत घालून द्या. हेल्मेट तेवढं काढून घ्या, स्टोअरला पन्नास मोजून द्यावे लागतात.