‘नव्या घराला कॅमेऱ्याची वायर कशाला?’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास खान्देशात गृहप्रवेशांची गर्दी असते. त्याच दिवसांत घराला कुलूप लावून गावाला जाणारेही पुष्कळ. नेमका तेव्हाच ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात तो असा: “नवीन घर बांधताय? सीसीटीव्हीसाठी वायरिंगवर पैसे घालवू नका. वायफायचे किंवा सोलरचे चार कॅमेरे घ्या, ८ मेगापिक्सेलचेच घ्या, हात पोहोचणार नाही इतक्या उंच लावा. लाइट गेली तरी चालतात. मेमरी कार्डात महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं. ॲप टाकलं की काम झालं, आणि मोबाइलवर क्लिप आली की पुरावा तयार.”

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातला पहिला सल्ला मानला आणि प्लास्टर होऊन रंग लागला, तर ती चूक नंतर झिरी मारून, भिंत खराब करूनच सुधारावी लागते. म्हणून त्याचं उत्तर आधी आणि सविस्तर.

“वायरिंगची गरज नाही”

वायफाय कॅमेऱ्यालाही वीज लागतेच. म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याजवळ २३० व्होल्टचा पॉइंट आणि अडॅप्टर आलाच, तोही घराबाहेर, पावसाच्या तोंडावर. वायर वाचत नाही. चित्र नेणारी वायर तेवढी जाते आणि धोक्याची वायर मागे राहते.

पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) कॅमेऱ्याचं उलट आहे. एकाच कॅट-६ केबलमधून (इंटरनेटसाठी वापरतात तीच आठ तारांची केबल) ४८ व्होल्टच्या आसपासची वीजही जाते आणि चित्रही येतं. साध्या पीओई स्विचचं (सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डब्याचं) एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत देतं. घरगुती कॅमेरा रात्री इन्फ्रारेड (अंधारात पाहण्यासाठीचे, डोळ्यांना न दिसणारे दिवे) चालू असतानाही साधारण ५ ते ७ वॅट घेतो. एका केबलची मर्यादा १०० मीटर. प्लॉटवरच्या घराला ती भरपूर झाली.

आता वायफायचं. राउटर असतो हॉलमध्ये, फाटक असतं कंपाउंडच्या टोकाला, आणि मध्ये नऊ इंची भिंत, आरसीसी कॉलम, कधी लोखंडी ग्रिल. सिग्नल तिथे मरगळतो. कॅमेरा ॲपवर ‘ऑनलाइन’ दिसतो, पण रेकॉर्डिंग तपासलं तर मधली मिनिटं गायब. शिवाय राउटर बंद पडला की चारही कॅमेऱ्यांचं चित्र मोबाइलवर येणं एकदम थांबतं.

काम कसं करायचं ते पाहा. भिंती उभ्या राहिल्या आणि प्लास्टर बाकी आहे, हा योग्य वेळ. विजेची झिरी मारायला माणूस येणारच असतो, त्याच फेरीत २५ मि.मी.चे पाइप टाकून घ्या. एका पाइपात चार कॅट-६ केबली आरामात जातात, पाचवी कोंबू नका. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो नको, लांब बेंड वापरा, आणि दोनपेक्षा जास्त वळणं आली तर मध्ये एक बॉक्स ठेवा. विजेच्या पाइपापासून एक फूट अंतर राखा. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवा आणि तोंडं टोपीने बंद करा. तोंड उघडं राहिलं की प्लास्टरचा माल आत जातो, पाइप गच्च होतो, आणि ते कळतं केबल ओढायच्या दिवशी. छताखाली कॅमेरा हवा असेल तर तिथला बॉक्स स्लॅब टाकण्यापूर्वीच बसवावा लागतो. मिस्त्रीला आधी सांगा.

जागा किमान चार: फाटक, पार्किंग, मागची धुण्याची बाजू, आणि गच्चीचं दार. गच्चीचं दार हमखास विसरलं जातं. घरं एकमेकांना लागून असली की एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर येणं सोपं असतं, म्हणून ते महत्त्वाचं. फाटकापर्यंत एक जादा रिकामा पाइप टाका. उद्या बेल किंवा फाटकाची मोटर बसवायची झाली तर तोच कामी येतो.

केबल घेताना डोळ्यांनी तपासा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल ‘कॅट-६’ म्हणूनच विकली जाते. टोक सोला, आठांपैकी एक तार घ्या आणि ब्लेडने हलकेच खरवडा. लालसरच राहिली तर तांबं. आतून चंदेरी निघाली तर ती केबल परत करा. तिच्यात वीज जास्त खर्ची पडते आणि कॅमेऱ्याला कमी पोहोचते. ओळखायची खूण अशी: दिवसा चित्र स्वच्छ, अंधार पडून इन्फ्रारेड लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. डीव्हीआरच्या (चित्र साठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रेकॉर्डरच्या) १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला लांबवर बारीक केबल टाकली तरी हेच होतं. लोक कॅमेरा बदलतात, दोष केबलमध्येच राहतो.

बाहेर उघडी राहणारी केबल काळ्या, ऊन सोसणाऱ्या आवरणाचीच हवी. आतली राखाडी केबल आपल्याकडच्या उन्हात कडक होऊन तडकते. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडा, आणि कॅमेऱ्याची शेपटी व जोड जंक्शन बॉक्सच्या आत ठेवा. कॅमेऱ्यावर आयपी ६७ (धूळ-पाणी आत जात नसल्याची खूण) लिहिलेलं असलं तरी ते त्याच्या डब्यापुरतं असतं. मागे लोंबणारा उघडा जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो.

“८ मेगापिक्सेलचाच घ्या”

मेगापिक्सेल म्हणजे ठिपके. ते किती रुंदीवर पसरले, हे ठरवते लेन्स. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर चित्रात त्या जागी दर मीटर रुंदीला साधारण २५० ठिपके हवेत, असा या क्षेत्रातला रूढ मापदंड आहे. ओळखीचा माणूस १२५ वरही कळतो.

समजा कॅमेऱ्यापासून फाटक ८ मीटरवर आहे. २.८ मि.मी.ची लेन्स साधारण १०५ अंश पाहते, म्हणजे ८ मीटरवर जवळजवळ २१ मीटर रुंदीचा पट्टा. ८ मेगापिक्सेलचे आडवे ३८४० ठिपके त्यावर पसरले की मीटरला उरतात १८५ च्या आसपास. त्याच जागी २ मेगापिक्सेलचा, पण ६ मि.मी. लेन्सचा कॅमेरा लावा. तो पाहतो पावणेआठ-आठ मीटरचा पट्टा, ठिपके १९२०, मीटरला साधारण २४५. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा साधा कॅमेरा चेहरा जास्त स्पष्ट देतो, कारण त्याची नजर नको तिथे पसरलेली नाही. ४ मेगापिक्सेल आणि ६ मि.मी. ही जोडी फाटकाला उत्तम बसते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन कॅमेऱ्याच्या जागेपासून माणूस जिथून येणार तिथपर्यंतचं अंतर मोजा. तीन-चार मीटर असेल तर २.८, पाच-सहा असेल तर ४, आठ-दहा असेल तर ६ मि.मी., आणि कॅमेरा ४ मेगापिक्सेलचा. अंतर नक्की ठरत नसेल तर २.८ ते १२ मि.मी.ची, मोटारने फिरणारी लेन्स घ्या. थोडी महाग पडते, पण बसवल्यावर जुळवता येते.

रात्रीची अडचण वेगळी. सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या चिपचा) आकार तोच ठेवून त्यात जास्त ठिपके बसवले की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. स्वस्त ८ मेगापिक्सेलचं रात्रीचं चित्र दाणेदार होतं आणि हलणारा माणूस धुरकट दिसतो. गाडीची नंबर प्लेट हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो: अरुंद नजर, आणि शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. एकाच कॅमेऱ्याकडून अंगण, चेहरा आणि नंबर असं तिन्ही मागू नका.

“हात पोहोचणार नाही इतक्या उंच लावा”

कॅमेरा ६ मीटरवर लावला आणि माणूस ४ मीटर पुढे उभा असला, तर कॅमेरा त्याच्याकडे जवळपास ५० अंश खाली पाहतो. दिसतं ते डोकं. ३ मीटरवर लावला तर तोच कोन २० अंशांच्या आसपास येतो आणि चेहरा समोर येतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात प्रत्येकाच्या डोक्या-तोंडाला रुमाल असतो, त्यामुळे डोळे, चालण्याची ढब, चप्पल, गाडी एवढंच हाती लागतं. ते वरून टिपता येत नाही. उंची अडीच ते तीन मीटर ठेवा. कोणी हात लावेल ही भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय म्हणजे दोन कॅमेरे एकमेकांना दिसतील असे लावणं. एकाचं तोंड फिरवायला आलेला दुसऱ्यात दिसतो.

छज्जाखाली लावा, पण छज्जाची कड किंवा पांढरी भिंत चित्राच्या कोपऱ्यात येऊ देऊ नका. रात्री इन्फ्रारेडचा उजेड तिच्यावरून परततो, कॅमेरा त्याच उजेडाला जुळवून घेतो आणि बाकीचं अंगण काळं पडतं. कोळ्याचं जाळंही हेच करतं. महिन्यातून एकदा मऊ झाडू फिरवणं पुरतं. फाटक पूर्वेला असेल तर सकाळी सातला समोरून येणारा माणूस नुसती सावली दिसतो. तिथे १२० डीबीचा खरा डब्ल्यूडीआर (झगझगीत उजेड आणि सावली दोन्ही एकदम टिपण्याची सोय) असलेला कॅमेरा घ्या आणि आभाळ चौकटीबाहेर राहील इतका तो झुकवा.

“सोलर घ्या, लाइट गेली तरी चालतो”

जिथे वीजच नाही, म्हणजे केळीच्या शेतातली खोली किंवा विहिरीवरच्या मोटारीची केबल, तिथे सिमकार्डाचा सोलर कॅमेरा योग्यच आहे. घरासाठी नाही. बॅटरी वाचवण्यासाठी तो झोपलेला असतो आणि शरीराची उष्णता जाणवली की जागा होतो. जागं होण्यात पहिले एक-दोन सेकंद जातात. त्यातही त्याचा उष्णता जाणणारा सेन्सर माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक ओळखतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात दिवसभर ४४-४५ अंशांत तापलेली भिंत संध्याकाळी शरीराइतकीच गरम असते. फरकच उरत नाही, म्हणून सेन्सरचा पल्ला आखूड होतो. आणि लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज होऊ देत नाहीत. भर दुपारी पॅनेलवर ऊन असतं आणि चार्जिंग थांबलेलं.

घराला सरळ उपाय इन्व्हर्टरचा आहे. चार पीओई कॅमेरे, रेकॉर्डर, स्विच आणि राउटर मिळून भार ५५-६० वॅटच्या आसपास, एका पंख्याइतका. १५० एएचची बॅटरी एवढाच भार १५ तास सहज ओढते. चूक वायरिंगमध्ये होते: रेकॉर्डरच्या बोर्डाला इन्व्हर्टरची लाइनच आणलेली नसते. वायरमनला हा पॉइंट नकाशावर खूण करून द्या. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी लाइट जाताना रेकॉर्डर पुन्हा सुरू होतो आणि तेवढा वेळ रिकामा जातो.

रेकॉर्डर जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. तिथल्या उष्णतेत हार्ड डिस्क लवकर जाते. आतल्या खोलीत, हवेशीर आणि चटकन न दिसणारी जागा निवडा. आणि अर्थिंग नीट असू द्या. मे-जूनच्या वादळी पावसात स्विचची पोर्टं जळतात, त्याचं एक कारण खराब अर्थिंग असतं.

“कार्डात महिनाभराचं राहतं”

हिशेब करू. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटने लिहितो असं धरलं, आणि ४ मेगापिक्सेलला एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) ही काटकसरीची सेटिंग आहे, तर दिवसाला २१.६ जीबी होतात. १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांतही भरतं. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ जीबी, म्हणजे १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवस, २ टीबीची २३ दिवस. महिना हवा तर ४ टीबी घ्या, आणि ती सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसते. दुसरं म्हणजे, कॅमेरा उचलून नेला की कार्डही त्याच्याबरोबर जातं.

“ॲप टाकलं की काम झालं”

इथे घाई करू नका. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्याचा मूळ पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, बसवणाऱ्याचं खातं काढून टाका, घरच्यांना फक्त पाहण्यापुरतं वेगळं खातं द्या. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात कॅमेऱ्यांना सरकारने ठरवलेल्या सायबर सुरक्षा चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत. बिल घेताना त्या नोंदणीचा क्रमांक मागा. शेजारच्यांची खिडकी चित्रात येत असेल तर सेटिंगमधला प्रायव्हसी मास्क (तेवढा भाग झाकणारा पडदा) त्यावर टाका.

“क्लिप आली की पुरावा तयार”

मोबाइलवर फिरवलेली क्लिप दबून येते आणि तिच्यातला तपशील कमी होतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकड्या-अक्षरांचा ठसा) असते. म्हणून घटना घडली की रेकॉर्डरमधून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर काढा, रेकॉर्डर फॉरमॅट करू नका, आणि डिस्क भरून जुनं पुसलं जाण्याआधी पोलिसांना कळवा. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटशी जोडलेलं आणि भारतीय वेळेवर आहे का, हे बसवल्याच दिवशी पाहा. मग रात्री अकरानंतर घरातल्या एकाला तोंडाला रुमाल बांधून फाटकापासून दारापर्यंत चालायला सांगा, आणि ते रेकॉर्डिंग बघितल्याशिवाय बसवणाऱ्याचे शेवटचे पैसे देऊ नका.