आत्या उत्तम नर्स होती, हे आधी सांगा

माझी थोरली आत्या गेल्या महिन्यात इंग्लंडमध्ये, वुल्व्हरहॅम्प्टनला वारली. तिकडच्या आणि मिरजेच्या, दोन्ही प्रार्थनासभांत लोक भरभरून बोलले. किती सोशिक, किती मायाळू, सगळ्यांसाठी कशी झिजली. खरंच आहे ते. पण ती आपल्या कामात किती तरबेज होती आणि त्या कामाचं मोल तिला किती वर्षं नाकारलं गेलं, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ते मला खुपलं, म्हणून लिहितेय.

मिरजेतल्या ख्रिस्ती घरांना नर्सिंगचं अप्रूप नाही. मिशनचं वानलेस हॉस्पिटल गावात १८९४ सालीच सुरू झालं. आत्या मात्र १९६६ साली, ऐन विशीत, शिकाऊ नर्स म्हणून थेट इंग्लंडला गेली. तिथे तेव्हा नर्सिंगच्या दोन वाटा होत्या. तीन वर्षं शिकून ‘स्टेट रजिस्टर्ड’ झालेली पुढे वॉर्डची प्रमुख म्हणजे ‘सिस्टर’, आणि सगळ्या नर्सेसची प्रमुख म्हणजे ‘मेट्रन’ होऊ शकायची. दोन वर्षांची ‘स्टेट एनरोल्ड’ मात्र बढतीविना तिथल्या तिथे राहायची, आणि त्या प्रमाणपत्राला ब्रिटनबाहेर फारसं कुणी विचारायचं नाही. कॅरिबियन बेटांतून, आफ्रिकेतून, आपल्याकडून गेलेल्या कितीतरी मुलींना हा फरक न सांगताच दुसऱ्या वाटेला लावलं गेलं. आत्या त्यांतलीच. मॅट्रिकला चांगले मार्क असलेल्या मुलीला सही कुठे करायची तेवढं दाखवलं. याला मी फसवणूकच म्हणते.

मग वर्षानुवर्षं वृद्धांचा वॉर्ड आणि रात्रपाळी. हे काम कुणीही करील असं ज्यांना वाटतं, त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची एक रात्र काढून बघावी. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा, माकडहाड, खुबे बॅटरीच्या उजेडात तपासायचे, कारण कातडी लाल दिसली तेव्हाच सावरलं नाही तर जखम हाडापर्यंत जाते. म्हातारी माणसं दुखतंय असं सांगत नाहीत, ती जेवण टाकतात, असं आत्या म्हणायची. श्वासाची लय बदललेली तिला वॉर्डच्या दारातूनच कळायची. नवे डॉक्टर तिला विचारून औषधं लिहायचे आणि चार्टवर सही त्यांची असायची. याला नुसतं प्रेमळपणा म्हणून कसं चालेल? हे ज्ञान होतं.

२० एप्रिल १९६८ला वुल्व्हरहॅम्प्टनचेच खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. इंग्रज बायकांना बाळंतपणासाठी हॉस्पिटलात खाट मिळत नाही, हीसुद्धा त्यातली एक तक्रार. हेच गृहस्थ १९६० ते ६३ आरोग्यमंत्री होते, आणि त्या काळातही तिथली हॉस्पिटलं बाहेरून नर्सेस आणूनच चालत होती! भाषणानंतर एका रुग्णाने आत्याचा हात झिडकारला. तिने दुसरीला बोलावलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा गेली आणि त्याची कूस बदलली.

रात्रपाळी तिने मुलांसाठी धरली. काका दिवसा फाउंड्रीत आणि ती रात्री वॉर्डात, म्हणजे घरात कुणीतरी असायचंच. झोपायची कधी, देव जाणे. याच पगारातून बँकेचा ड्राफ्ट मिरजेला यायचा. माझे बाबा सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकले ते त्यावर, धाकट्या आत्याचं लग्न झालं ते त्यावर, आमच्या घरावर स्लॅब पडला तोही त्यावर. घरातला कुठलाही मोठा निर्णय तिचं निळं एरोग्राम, म्हणजे विमानटपालाचं पत्र, आल्याशिवाय व्हायचा नाही. आजोबासुद्धा म्हणायचे, “ताईला विचारलंत का?” तिचा शब्द कधीकधी जाचायचाही. माझ्या आईला नोकरी सोडू दिली नाही ती तिनेच. आई तेव्हा रडली होती. आज पेन्शन घेते आणि आत्याचं नाव काढते.

चाळिशी ओलांडल्यावर, मुलं कॉलेजात असताना, आत्याने पुन्हा अभ्यास केला आणि ‘रजिस्टर्ड’ झाली. तिचा त्या बॅजसोबतचा फोटो आमच्याकडे आहे. प्रार्थनासभेत मात्र नातवंडांसोबतचाच लावला होता.

२०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सेसही आहेत. मुलींनी जरूर जावं. आमच्या शेजारची एक जण निघाली आहे. आत्याने आजारपणातही तिच्याशी फोनवर बोलून प्रश्न लिहून घ्यायला लावले: माझ्या पदवीला तिथे मान्यता मिळेपर्यंत मला मदतनीस म्हणून ठेवणार का? तोपर्यंत पगार किती? भाषेची परीक्षा कुठल्या पातळीची, आणि तिचा खर्च कुणाचा? मध्येच नोकरी सोडली तर पैसे भरावे लागतील का? एजंटाने तोंडी सांगितलेलं धरायचं नाही, सगळं कागदावर घ्यायचं. आणि कागद समजल्याशिवाय सही करायची नाही.

तुमच्या ओळखीत कुणी निघाली असेल तर हे प्रश्न तिला आजच पाठवा.