शिवणीवर तुटून पडलेल्या वाचकांस

ईआरडब्ल्यू पाइपांच्या, म्हणजे पोलादी पट्टी वळवून विजेच्या करंटनं लांबीत शिवण जोडलेल्या पाइपांच्या, वेल्डिंगवरच्या माझ्या लेखाखाली चिकोडीकडच्या एका वाचकांनी लिहिलंय: “कारखान्याचं तोंड न बघता लिहिलेला लेख. ईआरडब्ल्यू पाइप शिवणीवरच फुटतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. लांबीच्या शिवणीवर ताण दुप्पट येतो, म्हणून स्पायरल (तिरकी, मळसूत्री शिवण असलेला) बरा. त्याचा उल्लेखही नाही. साधं एक चित्र नाही.”

चित्र हवं होतं. मान्य.

आता बाकीचं. आधी ही बोलायची रीत कुठली ओ? मतभेद असू देत, पण ‘तोंड न बघता’? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. मनगटावर ठिणग्यांचे डाग अजून आहेत, या कधी बघायला. टोपणनावाआडून शेंबड्या पोराची साक्ष काढणं सोपं असतं.

तर ‘शिवणीवरच फुटतो’. ईआरडब्ल्यूत वितळवून भरायचा रॉड नसतो, वितळत्या जोडाला झाकणारा फ्लक्स नसतो, बाहेरचा धातू मुळीच नसतो. पट्टी वळवून नळी होते आणि कडा जवळ येतात तिथं साधारण 200 ते 450 किलोहर्ट्झचा करंट देतात. एवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट आत शिरत नाही, कडांच्या पृष्ठभागावरूनच धावतो. तेवढ्याच कडा लालबुंद होतात आणि रोलर त्या एकमेकींत दाबतात. घाण, ऑक्साइड पिळून बाहेर पडतं. तो उंचवटा नंतर तासून काढतात. लोहार घण मारून दोन तुकडे एक करतो, त्याच जातीचा हा जोड.

ही बदनामी आली कुठून, तेही सांगतो. पूर्वी कमी फ्रिक्वेन्सीचा करंट वापरत. त्यातल्या पुष्कळ पाइपांची शिवण खरोखर कच्ची राहायची, गंज नेमका तिथंच धरायचा. अमेरिकेत 1970 च्या आधीच्या तसल्या लाइनींकडं आजही संशयानं बघतात. तुम्ही आजच्या पाइपाला आजोबांचा गुन्हा लावताय.

दूधगंगेच्या काठावर उसाला नदीचं पाणी उचलून देणाऱ्या लिफ्टची लाइन फुटली होती, मला बघायला नेलं. सगळे छातीठोक सांगत होते, शिवण गेली. माती खरवडली तर शिवण वरच्या अंगाला, शाबूत. फाटलं होतं ते दोन पाइपांचं जोडकाम, शेतात रॉडनं घाईत मारलेलं. दोष पाइपाचा की हाताचा? कारखान्यात पाइपावर पाण्याचा दाब देऊन बघतात. शेतातला जोड कोण तपासतं?

लांबीच्या शिवणीवर गोल जोडाच्या दुप्पट ताण येतो म्हणाल, तर ते गणित पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं, मलाही येतं. त्यावर इथं वाद घालत नाही.

बिनशिवणीचा सीमलेस लावायचा तर खुशाल लावा, पैसे तुमचे. आणि स्पायरलवर पुढचा लेख मी लिहिणारच होतो, तुमच्या सांगण्यावरून नव्हे.