स्मरणशक्ती कच्ची की भाषा?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो मास्तरांच्या एका विधानावरून. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीतल्या मुलांना एका दमात तीन सूचना दिल्या तर तिसरी विसरली जाते, तेव्हा हल्लीच्या मुलांची स्मरणशक्तीच कच्ची, असे त्यांचे म्हणणे होते.

"मास्तर, त्याच सूचना मराठीत देऊन पाहिल्यात का?" आमच्यातली स्पीच थेरपिस्ट मैत्रीण म्हणाली. ऐकलेले शब्द काही सेकंद धरून ठेवण्याच्या क्षमतेला आधीच येत असलेली भाषा आतून टेकू देते. ओळखीच्या शब्दातला एखादा ध्वनी निसटला तरी मूल तो भरून काढते, अनोळखी शब्दात मात्र भरायला हाती काही नसते. 'पाटुकली' हा बनावट शब्द मराठी घरातले मूल परत म्हणेल, कारण 'भातुकली' त्याच्या कानात असते, 'झ्लिमर्फो'ला अडखळेल.

मानसशास्त्र शिकवणारा मित्र म्हणाला, "हे उलटे आहे." नवा शब्द शिकायचा तर आधी तो ध्वनिरूपात टिकायला हवा, आणि निरर्थक शब्द नीट परत म्हणणाऱ्या मुलांचा शब्दसंग्रहही मोठा असतो, हे गॅदरकोल आणि बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्येच दाखवले होते. त्यावर मैत्रिणीने त्यांच्याच 1992 च्या अभ्यासाकडे बोट दाखवले: चौथ्या वर्षीच्या पुनरुच्चारावरून, म्हणजे निरर्थक शब्द परत म्हणण्यावरून, पाचव्या वर्षीच्या शब्दसंग्रहाचा अंदाज येत होता, पण त्यानंतर दिशा बदलली आणि शब्दसंग्रहावरून पुढच्या पुनरुच्चाराचा अंदाज येऊ लागला. (स्वतःच्या सिद्धान्ताला मुरड घालणारे निष्कर्ष छापणारे संशोधक मला अधिक विश्वासाचे वाटतात.) पुढे 2012 मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात तर अशा पुनरुच्चारामुळे शब्दसंग्रह वाढतो, असा पुरावाच मिळाला नाही.

मास्तरांचा इंग्रजी माध्यमातला नातू शेजारी भेळ खात होता. त्याला "अठ्ठ्याण्णव, एकोणसत्तर, सदुसष्ट" परत म्हणायला सांगितले, तर तो पहिल्यावरच थबकला. तेच सहा अंक "नाइन एट, सिक्स नाइन, सिक्स सेव्हन" असे ऐकवल्यावर त्याने घास न थांबवता म्हणून दाखवले.

"म्हणजे सगळा दोष भाषेचाच," मास्तर खूश झाले. मैत्रिणीने त्यांना तिथेच अडवले. घरच्या भाषेतही मूल सतत अडखळत असेल, तर तो भाषाविकासातल्या अडचणीचा संकेत असू शकतो, आणि अशा वेळी "मोठे झाले की येईल" म्हणत थांबणे महागात पडते. म्हणून येणाऱ्या सर्व भाषांत तपासल्याशिवाय मुलाला मंदही ठरवू नये आणि निर्धोकही.