खोकं कुठाय?

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी मयड्याची केळी आणायला गेलो आणि तीन चाकांची मोटार घेऊन परत आलो. तीन चाकांची म्हणजे रिक्षा नव्हे. मुळात चाकं चारच होती, एक कुठंतरी उतरून गेलं होतं. गोणपाटावर गंजकी कुलपं, दांडा नसलेल्या सुऱ्या आणि 'पोर्तुगीज काळातली' बिजागरं मांडून बसलेल्या एका माणसाकडे ती पडली होती. बोटभर लांब, हिरवी. पालथी केली तर पोटावर मॅचबॉक्स आणि मेड इन इंग्लंड अशी अक्षरं.

"कितें जाय, पात्रांव?" त्यानं विचारलं.

पात्रांव म्हणजे मालक. गोव्यात कुणी पात्रांव म्हटलं की शर्टाच्या खिशाला आपोआप भोक पडतं. तीनशे रुपये दिले.

घरी बायकोनं विचारलं, "केळी कुठायत?" मोटारीचा फोटो मडगावच्या भाईंना पाठवला, तर त्यांचं उत्तर आलं, "खोकं कुठाय?" या दोन प्रश्नांच्या मध्ये सापडून मला आता दोन वर्षं झाली.

भाई हे जुन्या खेळण्यांच्या संग्रहातलं आमच्याकडचं मोठं प्रस्थ. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या घरातल्या कपाटांत नेमकं काय आहे ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही. त्यांच्याकडे गेलं की आधी हात धुवायचे, मग पुसायचे आणि मग ते खिशात घालून उभं राहायचं. काचेआड शेकडो गाड्या, पत्र्याची माकडं, झांजा वाजवणारी अस्वलं. सगळी नवीकोरी. एवढी खेळणी आणि एवढी शांतता मी एरवी फक्त परीक्षा चालू असलेल्या घरात पाहिली आहे.

"खेळणं चांगलं कुठलं?" भाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"ज्याच्याशी खेळायला मजा येते ते," मी म्हणालो.

भाईंनी डोळे मिटले. चांगलं खेळणं म्हणजे ज्याच्याशी कुणी कधीच खेळलं नाही ते. त्यातही ते ज्या खोक्यातून आलं ते खोकं हवं, खोक्याचे कान शाबूत हवेत आणि खोक्यावर कुठल्याही बाळ्यानं पेनानं आपलं नाव घातलेलं नसावं. कधीकधी रिकाम्या खोक्याला आतल्या गाडीहून जास्त पैसे पडतात. बिनखोक्याची गाडी म्हणजे बिनपत्रिकेचं स्थळ. दिसायला बरं असतं, बोलणी पुढे जात नाहीत.

थोडक्यात, मला अशा मुलाचा शोध घ्यायचा होता, ज्याचं बालपण अत्यंत कंटाळवाणं गेलं.

मॅचबॉक्सचं तर नावच खोक्यावरून पडलेलं. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल नावाच्या इंजिनियरच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापानं तिला इवलासा पितळी रोडरोलर करून दिला आणि १९५३ साली त्यातून ह्या गाड्यांची मालिकाच निघाली. हे ऐकून मला भरून आलं. आम्हीही डिचोलीच्या शाळेत काडेपेटी नेत असू. आत सोनकिडा असे. पण त्यातून कुणाची कंपनी निघाली नाही. मास्तरांनी पेटी उघडली, किडा उडाला आणि आम्ही बाकावर उभे राहिलो.

शिक्षण पुढे सरकलं. गाडी आधी पालथी करायची, तोंड नंतर बघायचं. पोटावर लेस्नी असेल तर ती १९८२ पूर्वीची, कारण त्या साली कंपनीचं दिवाळं वाजलं. जुन्या गाड्यांची चाकं साधी. १९६८ला अमेरिकेत हॉट व्हील्सच्या सुसाट गाड्या आल्या, तेव्हा लेस्नीनंही घाबरून पुढच्याच वर्षी पातळ आसाची पळणारी चाकं बसवायला घेतली. भाईंचा जीव मात्र निकी टॉईजवर. इंग्लंडच्या डिंकी गाड्यांचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथं त्या निकी नावानं निघाल्या. तेच साचे, पण रंगकाम खास आपलं, म्हणजे घाईचं. आज परदेशातले लोकही त्या शोधत असतात. भाईंकडे त्यातली एक आहे. ती दाखवताना ते पंखा बंद करतात.

एवढं ज्ञान झाल्यावर मी हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात गेलो. ज्ञान नवीन असतं तेव्हा ते माणसाला हमखास अशा ठिकाणी नेतं. तिथं किल्लीचा पत्र्याचा रोबो होता. विकणाऱ्यानं सांगितलं, आजोबांच्या काळातला. रंग उडालेला, कडांना गंज, डोळ्यांत एक प्रकारचं दुःख. दोन हजार चारशे. घरी आणून, शिकवल्याप्रमाणे, पालथा केला. (पालथा करायचं बाजारातच असतं, हे शिकवलेलं मी विसरलो होतो.) पायाखाली बारकोड होता. शिवाय जुन्या पत्र्याच्या खेळण्याला स्क्रू नसतात, पत्र्याच्याच जिभा खाचेत घालून दुमडलेल्या असतात. आमच्या आजोबांना आठ चकचकीत स्क्रू होते.

"गंज?" मी भाईंना विचारलं.

"तपकिरी रंग," भाई म्हणाले. "ब्रशानं."

मग ठरवलं, बाजार नको, थेट घरं गाठायची. हिशेब साधा होता. १९६१पूर्वी गोव्यात परदेशी मालाची रेलचेल होती, असं जुनी माणसं अजून डोळे विस्फारून सांगतात. जपानी नायलॉन, जर्मन सुऱ्या आल्या, तर खेळणीही आली असणारच आणि ती कुठल्या तरी माळ्यावर असणारच. वाटलं, एखादी मोटार सापडेल, पोटावर मेड इन ऑक्युपाइड जपान असं लिहिलेली. युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानातून बाहेर जाणाऱ्या मालावर १९५२पर्यंत हा शिक्का असे. असा शिक्का दिसला की संग्राहकाचं वय तिथल्या तिथं दहा वर्षांनी कमी होतं.

सहा घरं केली. दर घरी सोलकढी प्यालो. जुन्या घरी जाऊन "माळ्यावर काय आहे?" असं विचारलं की लोकांच्या मनात पहिल्यांदा भावकीतला दावा येतो. मी कुळ म्हणून नाव लावायला आलेलो नाही, वकिलानं पाठवलेला नाही, हे पटवण्यात अर्धा तास जाई. त्यानंतर माळ्यावरचं सगळं मलाच न्यायला सांगत. एका काकींनी तुटका पाळणा, दोन समया आणि बंद पडलेला ट्रान्झिस्टर अंगणात काढून ठेवला आणि वर पुतणीसाठी कुणी मुलगा आहे का विचारलं.

सातव्या घरी मात्र पत्र्याची बस मिळाली. पोर्तुगीज की जर्मन ते ठरायचं होतं, पण खिडक्यांत छापलेली माणसं होती. टोपीवाला ड्रायव्हर, हॅटवाल्या बायका, एक कुत्रा. रात्री ओट्यावर ठेवून झोपलो. सकाळी उठून पाहतो तर बस सोन्यासारखी लखलखत होती. आईनं पहाटे देवांच्या उपकरण्यांबरोबर तीही चिंच आणि राख लावून घासली होती. खिडक्या रिकाम्या. ड्रायव्हरसकट सगळे उतरून गेले होते, कुत्रासुद्धा.

"केवढी कळकटली होती रे," आई म्हणाली.

पावसाळ्याविषयी न बोललेलं बरं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात पत्रा आणि पुठ्ठा जमवणं म्हणजे मांजरांच्या घरात सुके बांगडे जमवणं. पत्र्याला गंज, पुठ्ठ्याला बुरशी, बुरशीतून वाचलेल्याला कसर, कसरीतून वाचलेल्याला वाळवी. बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसाठी मी चपलांच्या दुकानात ओळखी काढल्या आहेत.

आणि या सगळ्या वणवणीत, ज्यासाठी मी माळे धुंडाळत होतो ते माझ्याच घरी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात होतं. १९८१ साली काकांनी बहरीनहून माझ्यासाठी बस आणली होती. मॅचबॉक्सची लाल डबलडेकर. मी सहा वर्षांचा. ती हातात आली, अर्धा मिनिट राहिली आणि आईनं काढून घेतली. "मोडशील. मोठा झालास की देईन." त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. फक्त दसऱ्याला ती खाली उतरत असे, कारण घरातलं पहिलं वाहन तीच. पाटावर कोयता, आडोळी (म्हणजे विळी), बाबांचा स्क्रूड्रायव्हर आणि बस. पुढे स्कूटर आली, पण मान बसचा.

आई, भाईंच्या व्याख्येनुसार, गोव्यातली सर्वांत मोठी संग्राहक होती.

"जपून ने," एवढ्या अटीवर बस मिळाली. भाईंनी ती पालथी केली. लेस्नी, १९७२. चाकं न झिजलेली. मग सुलटी केली आणि भाईंचा श्वास अडकला. पुढच्या काचेच्या वर लाल रंगावर पिवळा पट्टा होता. भाईंनी भिंग आणलं. पंखा बंद केला. एकाच मॉडेलमध्ये कारखान्यानं क्वचित वेगळा रंग दिला असेल, तर असल्या एका छटेसाठी लोक वेडी किंमत मोजतात. भाई जाडजूड पुस्तक काढून पानं उलटू लागले. अशा पट्ट्याची नोंद कुठंच नव्हती. मी मनातल्या मनात घराला रंग काढला, बायकोला पाटल्या केल्या, केळीसुद्धा आणली.

मग भाईंनी बस नाकाशी नेली.

"हळद," ते म्हणाले.

लाल बसवर कुंकू दिसत नाही, म्हणून आई हळद जरा सढळ हातानं लावायची. चव्वेचाळीस दसऱ्यांचा थर होता तो. भाईंनी पुस्तक मिटलं, पंखा लावला, बराच वेळ बसकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "खोकं कुठाय?"

खोकं मला ठाऊक होतं. आईच्या शिलाई मशीनच्या खणात. त्यात मशीनच्या सुया असतात.

घरी येऊन विषय काढला. आई म्हणाली, "बस ने हवी तर. आता मोठा झालास. खोकं मिळायचं नाही. सुया कुठं ठेवू?"

दुसऱ्या दिवशी तिला प्लॅस्टिकची डबी आणून दिली. चार कप्प्यांची, झाकणाची, आत काय आहे ते बाहेरून दिसणारी. तिला ती फार आवडली. एका कप्प्यात सुपारी ठेवली, एकात लवंगा, एकात बटणं, चौथ्यात माझ्या बुटांच्या पुड्या. सुया होत्या तिथेच आहेत.

परवा दसऱ्याला बस पाटावर आली. आईनं वाटीत बोट बुडवलं. मी म्हटलं, "आई, या वर्षी नुसतं फूल घालूया का?"

"आणि वाटेत बंद पडली म्हणजे?" आई म्हणाली आणि बोट ओढलं.