ही कुणाची कोण?

२०२४ च्या उन्हाळ्यात आई तीन महिने माझ्याकडे जर्मनीत श्टुटगार्टला राहायला आली होती. नेमक्या तेव्हाच इथल्या नगरपरिषदेच्या निवडणुका होत्या. आमच्या गल्लीत विजेच्या प्रत्येक खांबाला उमेदवारांचे पुठ्ठ्याचे फलक लटकत होते. संध्याकाळी फिरायला निघालो की आई एकेक फलक नीट बघायची. एका फलकावर चाळिशीची, चष्मेवाली बाई होती. आई थांबली आणि म्हणाली, "ही कुणाची कोण गं?"

मी म्हटलं, कुणाची कुणी नाही. बालवाडीत शिकवते असं लिहिलंय.

"मग तिकीट कसं मिळालं हिला?"

मला हसू आलं आणि जरा रागही आला. कारण हा प्रश्न विचारणारी बाई गोरेगावची. सत्तरच्या दशकातल्या महागाईत जे लाटणं मोर्चे निघाले, त्यात ती नवी नवरी असताना थाळी बडवत गेली होती. सासूबाईंनी विचारलं, लाटणं कुठे चाललंय, तर म्हणाली होती, मृणालताईंकडे. मृणालताई, म्हणजे समाजवादी नेत्या मृणाल गोरे, कुणाची कोण, असं तेव्हा कुणी तिला विचारल्याचं तिच्या आठवणीत नाही.

तसं विचारलं असतं तर उत्तर होतं. माहेरच्या मोहिले, समाजवादी कार्यकर्ते बंडू गोरे यांच्या पत्नी. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडलेल्या. पण १९५८ मध्ये बंडू गोरे गेले तेव्हा मागे ना आमदारकी होती, ना साखर कारखाना. लहान मुलगी होती आणि गोरेगावच्या वस्त्यांतलं काम होतं. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या, त्या नळाच्या जोरावर. झोपडपट्टीला पाणी देणं हे पालिकेचं काम आहे की नाही, हाच तेव्हा वादाचा मुद्दा होता. हंडे घेतलेल्या बायकांसकट त्या पालिकेत जाऊन बसायच्या. त्यातून 'पाणीवाली बाई' हे नाव पडलं. १९७२ मध्ये आमदार, आणीबाणीत भूमिगत आणि मग तुरुंग, १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून खासदार. इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या तेव्हाची घोषणा आई अजून तालात म्हणते: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!

मोरारजींनी आरोग्यमंत्रिपद देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. पुढे १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. तिथे काही काळ विरोधी पक्षनेत्या होत्या आणि गर्भलिंगचाचणीविरुद्धचं विधेयक लावून धरणाऱ्यांत त्या पुढे होत्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केला, देशाच्या सहा वर्षं आधी. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेने सहा हजारांच्या वर घरं उभी केली, त्यातही त्या होत्या. नळ, तुरुंग, संसद, पुन्हा विधानसभा, मग घरं. दिल्लीहून मुंबईला परतणं म्हणजे घसरण, असा हिशोब त्यांच्या कारकिर्दीला लागू पडत नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा. दर निवडणुकीनंतर तिथे 'महाराष्ट्राला पहिली महिला मुख्यमंत्री कधी?' हा विषय निघतो. १९६० पासून एकही झालेली नाही, हे खरंच. मग नावं सुचवली जातात आणि प्रत्येक नावामागे एक आडनाव ठळकपणे उभं असतं. कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी. शेजारच्या गोव्याला १९७३ मध्येच शशिकला काकोडकर मिळाल्या, पण त्याही गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या, त्यांच्या निधनानंतर. आईचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. पन्नास वर्षं बघून बघून तिने काढलेला तो निष्कर्ष होता. मायावती आणि ममता बॅनर्जी घराण्याविना मुख्यमंत्री झाल्या खऱ्या. दोघीही एकट्या राहिल्या, यावर ग्रुपवर कुणी बोलत नाही. (मी बोलले होते. एका काकांनी 'सुप्रभात'चं फूल टाकलं.)

आणि मग माझ्याकडे मोर्चा वळतो. "तुमच्याकडे बरं आहे, मर्केल बाई सोळा वर्षं होत्या." परदेशात राहणाऱ्याला हे वाक्य फार सुखावतं. पण इथला आतला हिशोब तितका गोजिरा नाही. मर्केलना सुरुवातीला तेव्हाचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांची 'पोरगी' म्हणत. पुढे त्या चॅन्सेलर झाल्या तेव्हा 'मुत्ती' म्हणजे आई म्हणू लागले. ताई, दीदी, अम्मा, बहनजी ही खोड आपलीच आहे असं मी समजत होते! २०२५ मध्ये निवडून आलेल्या इथल्या संसदेत बायका जेमतेम एक तृतीयांश आहेत. ग्रीन पक्षात निम्म्याहून जास्त, कारण निम्म्या जागांचा नियम त्यांनी स्वतःलाच घालून घेतलाय. अतिउजव्या एएफडी पक्षात असला नियम नाही, तिथे आठांत एक. ब्रांडेनबुर्ग आणि थ्युरिंगिया या दोन राज्यांनी कायद्यानेच स्त्री-पुरुष समान याद्या आणायचा प्रयत्न केला, तर २०२० मध्ये तिथल्या घटना न्यायालयांनी ते कायदे रद्द केले.

आणि खालच्या पायरीवर तर आपणच पुढे आहोत. जर्मनीतल्या गावोगावच्या परिषदांत बायका एक तृतीयांशही भरत नाहीत. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा ते मला दोनदा विचारतात. पण मग २८८ च्या विधानसभेत २०२४ मध्ये पंचवीससुद्धा बायका का नाहीत? लोकसभेत ५४३ पैकी ७४ च का?

'बायका तयार नाहीत' हे उत्तर मला पटत नाही. तयार होतात आणि तयार झाल्या की त्यांचा वॉर्ड जातो. आरक्षण सोडतीने फिरतं. या वेळी महिला राखीव, पुढच्या वेळी सर्वसाधारण. सर्वसाधारण जागेवर बाईला उभं राहायला कायद्याची आडकाठी नाही, पण पक्षाच्या डोक्यात 'सर्वसाधारण' म्हणजे पुरुष. त्यामुळे पाच वर्षं वॉर्ड 'सांभाळायला' बायको आणि सोडत सुटली की परत साहेब. मृणालताई गोरेगाव धरून बसल्या. मर्केल १९९० पासून २०२१ पर्यंत बाल्टिक किनाऱ्यावरच्या त्याच टापूतून निवडून येत राहिल्या. मतदारसंघाची ओळख व्हायलाच एक कार्यकाळ जातो. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभेत जे तेहतीस टक्के देऊ केले, ते जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेले आहेतच, शिवाय त्या जागाही दर फेररचनेनंतर फिरायच्या आहेत. म्हणजे वॉर्डातली सोडत, थोड्या सावकाशीने, दिल्लीला निघालीय. टक्केवारीवर भांडण्यापेक्षा मी म्हणेन की निवडून आलेल्या बाईला तिथूनच पुन्हा उभं राहता येईल, याची हमी पक्षांकडून घ्या. ग्रीन पक्षाला जे कायद्याशिवाय जमलं, ते आपल्या पक्षांनी घटनादुरुस्तीची वाट न बघता का करू नये? उमेदवारी कुणाला द्यायची हे शेवटी तेच ठरवतात.

मी सांगायची मोठी! इथल्या नगरपरिषदेसाठी श्टुटगार्टकराला साठ मतं असतात, हवं तर एकाच उमेदवाराला तीन द्यायची. पण मी जर्मन नाही, युरोपीय नाही, त्यामुळे त्यातलं एकही माझं नाही. भारतात अनिवासी म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून केंद्रावर जातीने हजर राहावं लागतं. त्यामुळे मी ग्रुपवरच लढते.

माझी मामेबहीण ठाणे जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत एकदा नगरसेविका होती. पहिलं वर्ष तिने सभेत तोंड उघडलं नाही, फाइली मराठीत असूनही कळत नव्हत्या. तिसऱ्या वर्षी तिच्या भागातली जलवाहिनी कुठून वळते, कुठल्या चाळीला दाब कमी आणि का, हे तिला अभियंत्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पुढच्या सोडतीत जागा सर्वसाधारण झाली. पक्षाचे लोक घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, आता दादांना उभं करू." दादा निवडून आले.

परवा तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. तिच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. मध्येच दुसरा फोन वाजला. सोफ्यावर दादा टीव्ही बघत होते, त्यांनी मानही वळवली नाही. मागच्या गल्लीतल्या कुणा बाईंकडे पाणी आलं नव्हतं. बहीण मला म्हणाली, "थांब हं जरा, चावीवाल्याला उठवते."