‘सीमावासी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

शिकाऊ पोरांच्या बक्षीस समारंभावर मी मागे लिहिलं होतं. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या मशीन शॉपमध्ये लेथ-मिलिंगवर, म्हणजे धातू कापून भाग घडवणाऱ्या यंत्रांवर शिकणारी, सोळा ते एकोणीस वयाची मुलं. त्यावर ‘सीमावासी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी मला फोनवर वाचून दाखवली, जणू मी वाचलीच नव्हती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: निवड मालकांच्या शिफारशीने झाली, मुली दिसल्या नाहीत, बक्षीस मिळालेल्या मुलांना महिना किती स्टायपेंड मिळतो ते छापा. आणि शेवटी हे वाक्य: “पोरांना शाल घालून स्वस्तात राबवून घ्यायचं आणि तुमच्यासारख्यांनी त्यावर लेख पाडायचे.”

लेख पाडायचे. बरं.

सीमावासी साहेब, टीका करा की. पण ‘तुमच्यासारख्यांनी’ म्हणजे कुणासारख्यांनी? मी कुठल्या मालकाचा भाचा नाही, कुठल्या संघटनेचा पदाधिकारी नाही. समारंभाचा चहासुद्धा मला मिळाला नाही, कारण मी मागे पोरांच्या रांगेत बसलो होतो आणि चहा पुढच्या दोन रांगांतच संपला. स्वतःचं नाव न लावता दुसऱ्याच्या हेतूवर बोलणं फार सोपं असतं. मी इथे माझ्या नावाने लिहितो, उद्या याच लोकांना उद्यमबागेच्या रस्त्यावर तोंड दाखवायचं असतं मला.

एक गोष्ट मान्य करतो. पाहुण्यांची भाषणं लांबली. तिसरे वक्ते उठले तेव्हा निम्मी पोरं मोबाईलमध्ये होती आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. शालीबद्दलही तुमचं बरोबर आहे. सतरा वर्षांच्या पोराला शाल घेऊन करायचंय काय? त्या पैशात एक चांगला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, आला असता. झालं समाधान?

आता राबवून घेण्याबद्दल. त्या मुलांनी काय केलं ते तुम्ही पाहिलंत का? मी पाहिलं. बक्षिसासाठीच्या परीक्षेत सगळ्यांना ईएन-८ या पोलादाचा एकेक रॉड दिला होता. त्यावर वेगवेगळ्या व्यासाच्या पायऱ्या काढायच्या, एका टोकाला एम-२० चे (वीस मिलिमीटर व्यासाचे) आटे, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर अडीच मिलिमीटर, आणि २५ मिलिमीटरच्या पायरीला दोन शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे एवढीच सूट. वेळ ठरलेला. बहुतेक पोरं शेवटचा कट मारला की लगेच मायक्रोमीटर लावत होती. येळ्ळूरकडचा एक मुलगा मात्र मशीन बंद करून हात पुसत उभा राहिला. शेजारचा त्याला म्हणाला, “अरे टाइम चाललाय की.” हा ढिम्म. तापलेला जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, फुगलेला असतो, तेव्हा माप बरोबर आलं तर थंड झाल्यावर जॉब मापाखाली जातो, हे त्याला ठाऊक होतं. जॉब हाताला गार लागल्यावर त्याने माप घेतलं, एक बारीक कट मारला, मग आटे. टूल पुन्हा ग्राइंड करून सेंटर गेजला (टूलचा कोन तपासायच्या पट्टीला) लावून बघितलं. आटे तपासायचे रिंग गेज घातले तेव्हा ‘गो’ (जो जायलाच हवा) बोटाने फिरत गेला आणि ‘नो-गो’ (जो जाता कामा नये) तोंडाशीच अडकला. वीस वर्षं लेथवर काढलेले काही लोक मला माहीत आहेत, ते एवढं थांबत नाहीत.

हे राबणं नाही साहेब, हे काम येणं आहे. आणि ते सगळ्यांसमोर माइकवरून, नाव-गाव घेऊन सांगितलं गेलं. त्या मुलाची आई खुर्चीवरून अर्धी उठली होती. यालाही तुम्ही ‘स्वस्तात’ म्हणणार असाल तर म्हणा.

मी हे ऐकीव सांगत नाही. दहावीनंतर मीही लेथवरच लागलो. शॉपचं नाव घेत नाही, मालक आता हयात नाहीत. बुश (शाफ्टभोवती बसणारी पोकळ नळी) काढायचो मी, आणि इन्स्पेक्शनच्या कार्डावर सही व्हायची सीनियरची. तिथून दुसरीकडे गेलो तर दाखवायला हातात काहीच नाही. ‘काय येतं रे तुला?’ म्हणाले, आणि पुन्हा हेल्परच्या रेटवर घेतलं. त्या वेळी कुणी मला कागदावर लिहून दिलं असतं की या पोराने अमुक माप अमुक मर्यादेत काढलं, तर माझी काही वर्षं वाचली असती. या वेळच्या प्रमाणपत्रावर मोजलेली मापं छापली आहेत. तुम्हाला फक्त शाल दिसली.

आणि कायदा मलाही कळतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, वय किमान चौदा, धोक्याच्या कामाला अठरा. २०१९ च्या नियमांनी दहावी पास मुलाला पहिल्या वर्षी महिना किमान ६,००० ठरवले. शिकाऊ उमेदवारांसाठीच्या २०१६ च्या सरकारी प्रोत्साहन योजनेतून त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५००, सरकार देतं. तीस किंवा जास्त माणसं असतील तिथे शिकाऊ घेणं सक्तीचं, त्याखाली ऐच्छिक. आता उद्यमबागेत एक चक्कर मारा आणि तीस माणसं असलेली शॉप मोजा. बाकीच्या ठिकाणी पोरगं नोंदणीशिवायच शिकतं, हे काय मी लपवलंय? पण प्रत्येकाचा स्टायपेंड छापायला माझा ब्लॉग म्हणजे लेबर ऑफिस नव्हे. पोरांच्या घरची मिळकत मी चारचौघांत मांडणार नाही.

शिफारशीचं म्हणाल तर जो मुलगा शॉपमध्ये आहे त्याचं नाव शॉपवालाच देणार, आणखी कोण देणार? मुलींचा मुद्दा मी आयोजकांच्या कानावर घालीन.

२०१९ मध्ये कझानच्या जागतिक कौशल्य स्पर्धेत भारताला पाणी तंत्रज्ञानात सुवर्णपदक मिळालं. तिथे बहुतेक प्रकारांत वयाची मर्यादा बावीस. तेव्हा कुणी ‘पदक देऊन राबवताय’ असं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आमच्या येळ्ळूरच्या पोराला ट्रॉफी मिळाली की मात्र शंका.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, आहे तशी वर ठेवली आहे. पुढच्या वेळी मापं घ्यायला माणसं लागणारच आहेत. या. मायक्रोमीटर तुमचा आणा, आणि नाव लावून या.